काज

सोहारच्या जुन्या बाजारामागे आमचं दुकान.
पाटीवरचं अरबी मला अजून वाचता येत नाही,
पण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं
की खांद्यांवरून कळतं, किती कापड लागेल.

सत्तावीस वर्षं डिशडाशा शिवतोय.
गळ्याशी लोंबणारा तो लहानसा गोंडा,
अत्तरात बुडवायचा,
तो वळायचा रंगा. श्रीरंग. माझा धाकटा.
ती कला त्याच्या बोटांत. माझ्या नाही.

चार वर्षांपूर्वी डावी किडनी त्याला दिली.
आई गडहिंग्लजहून म्हणाली,
एकाच ताग्यातले दोघं, जुळायचंच.
डॉक्टर म्हणाले, शरीर ठिगळ ओळखतं.
म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या,
आतला राखणदार पेंगत ठेवायला.
जागा झाला, तर पहिल्यांदा मलाच हाकलेल.

जानेवारीत मला सर्दी झाली.
तेवढंच. दोन दिवस नाक, एक दिवस अंग,
सुंठेचा चहा, आणि मी परत मशीनवर.
ईदच्या एकशे चाळीस डिशडाशा बाकी,
एकच खोली, एकच कात्री,
पाण्याचा एकच तांब्या.

दोन गोष्टी मी त्याला दिल्या.
पहिलीसाठी गावाने नारळ-शाल दिली.
दुसरीचं नाव कुणी घेत नाही,
रेणुकासुद्धा नाही, आणि तिला ठाऊक आहे.

पाच दिवस कॅप्सूल, दिवसातून दोन.
ताप उतरला. नर्सने अंगठा वर केला.
सहाव्या दिवशी नाकातला कापूस: आहे.
बाराव्या दिवशी: आहे.
औषध वाढवलं. एकोणिसाव्या दिवशी
आहेच, आणि ताप परत.

डॉक्टर झुवैनांनी कागदावर काढून दाखवलं.
विषाणूच्या अंगावर एक खाच असते,
औषध तिथे जाऊन बसतं.
त्याने ती खाच बदलली. फार नाही,
साखळीतला एक मणी.
मी म्हटलं, काज.
त्यांना शब्द कळेना.
सदऱ्याचं बटण काढून दाखवलं, परत लावलं.
बटण तेच, दोरा तोच,
काज सुतभर आवळलं की संपलं.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हो, तेच.

काज आवळायला निवांतपणा लागतो.
माझ्यात तो मिळाला नाही त्याला,
चौथ्या दिवशी बखोट धरून बाहेर काढला.
रंगात कुणी उठ म्हणालं नाही.
दिवा लावून बसला महिनाभर,
उसवलं, शिवलं, उसवलं,
आणि आम्ही रोज दोनदा
बटण पाठवत होतो त्याच्याकडे,
मापाला.

आमच्यात कापड बेततात.
काल आईने फोनवर विचारलं,
जिवावर बेतलंय का रे?
इतकी वर्षं त्या शब्दाची मला
फक्त खडूची बाजू माहीत होती.
म्हटलं, रेंज नाही, नंतर बोलतो.

आता दुसरं औषध, शिरेतून. मस्कतहून आलंय.
ते वेगळ्या काजाचं आहे का, मी विचारलं नाही.
खोलीला दोन दारं आहेत,
एक उघडलं की दुसरं बंद.
त्याच्यातलं बाहेर पडू नये म्हणून,
आणि माझ्यासारखं कुणी आत जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी काचेपलीकडे त्याने बोटं हलवली.
वाटलं, बोलावतोय.
दोन बोटं आणि अंगठा, पीळ, ओढ, गाठ.
मग कळलं. बासष्ट गोंडे राहिलेत
हे त्याच्या लक्षात आहे.
पुन्हा करून दाखवलं, सावकाश,
हाताला सुई असल्यामुळे आणखीच सावकाश.
मी अलीकडे रिकाम्या हवेत
पीळ घातला, ओढला.
तो मान हलवत होता, नाही, नाही,
उलटा घालतोयस.

अहवाल गुरुवारी.